खाऱ्या वाऱ्यातल्या घराला आडोशाचे कुंपण कसे घालावे

कोकण किनाऱ्यावर पूर्वी घराभोवती कमरेएवढा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत, आणि त्यावर काट्यांची वई एवढे पुरत असे, कारण गुरे आत येऊ नयेत एवढाच त्या कुंपणाचा हेतू होता. आता दापोली, गुहागर, दिवेआगर, मालवण या भागांत घराशेजारी पर्यटकांच्या खोल्या उभ्या राहिल्या, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर दिवसभर वर्दळ असते आणि विहिरीवर किंवा पडवीत वावरणाऱ्या घरच्या माणसांना आडोसा हवासा वाटतो. बहुतेक जण अशा वेळी पत्रे ठोकून किंवा हिरवी शेडनेट ताणून मोकळे होतात. पहिल्याच पावसाळ्यात नेट फाटून लोंबू लागते, आणि सुटलेला पत्रा तर वादळात जिवावर बेतू शकतो. किनाऱ्यावरच्या कुंपणाने नजर अडवावी, वारा अडवू नये. पुढची सगळी कामे याच धोरणाने करायची आहेत.

वाऱ्याचा जोर किती असतो, याचा हिशेब आधी मांडावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी 50 किलोमीटरचा वारा भरीव आडोशाच्या दर चौरस मीटरवर साधारण 12 किलो वजनाएवढा दाब देतो, तर ताशी 100 किलोमीटरचा वारा साधारण 48 किलोंचा. म्हणजे सहा फूट उंच आणि सहा फूट रुंद अशा एकाच बंद चौकटीवर 160 किलोंच्या आसपास जोर येतो, आणि तो सगळा खांबाच्या बुडाशी पेलावा लागतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागांतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. शिवाय भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे उतरताना भोवरे करतो, त्यामुळे भिंतीच्या आडोशाला बसलेल्या माणसाच्या अंगावरच पाचोळा आणि वाळू येते. चाळीस ते पन्नास टक्के मोकळे असलेले कुंपण वाऱ्याला चाळून पुढे सोडते आणि त्याच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत जोर कमी झालेला जाणवतो.

आता आडोसा नेमका कुठे हवा, ते ठरवावे. चारही बाजूंनी उंच कुंपण घालण्याची गरज क्वचितच असते. न्हाणीघराची वाट, विहीर, कपडे वाळत घालण्याची जागा आणि पडवी एवढे झाकले तरी पुष्कळदा भागते, आणि खर्च निम्म्याहून खाली येतो. दोन बांबूंमध्ये एखादे जुने लुगडे ताणून धरावे, घरातल्या एकाने रस्त्यावरून सावकाश चालत जावे आणि पडवीतल्या माणसाचे डोके कुठून कुठपर्यंत दिसते ते दुसऱ्याने खुणांनी नोंदवावे. कोकणात रस्ता अंगणापेक्षा वर असणे नेहमीचे आहे. तसे असल्यास कुंपणाची उंची रस्त्याच्या पातळीवरून मोजावी लागते, किंवा कुंपण हद्दीवर न घालता पडवीजवळ आणावे लागते. पडवीजवळचा पाच फुटी आडोसा हद्दीवरच्या आठ फुटी आडोशापेक्षा अनेकदा अधिक काम करतो आणि वाऱ्यात अधिक टिकतो.

हद्दीवरच काम करायचे असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि शेजाऱ्यांना समोर उभे करून खुणा रोवाव्यात. गडगा हातभर सरकला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे कोकणाला नवे नाहीत. भरतीरेषेजवळच्या जमिनीवर सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम लागू होतात. तेव्हा पक्के बांधकाम करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात लेखी विचारणा करावी.

खांब हा या कामाचा प्राण आहे, तिथे काटकसर करू नये. खांबांमधले अंतर सहा फुटांहून अधिक ठेवू नये. गरम जस्ताच्या बुडीतून काढलेला अडीच इंची जाड पाइप चांगला. साधा लोखंडी पाइप रंग लावूनही खाऱ्या हवेत आतून सडतो, म्हणून पाइपाचे वरचे तोंड टोपी बसवून बंद करावे. जमिनीवर सहा फूट खांब हवा असेल, तर किमान तीन फूट तो जमिनीत जायला हवा, आणि पुळणीत त्याहूनही खोल, कारण वाळू खांबाला धरून ठेवत नाही. कातळावर मात्र खोदाई होत नाही. तिथे यंत्राने भोक पाडून त्यात खांब काँक्रीटने पक्का करावा. खड्डा सव्वा फूट रुंद घ्यावा, तळाशी चार-सहा इंच खडी टाकावी, खांब ओळंब्यात धरावा आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर ठेवून बाहेरच्या बाजूला उतरता करावा, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. काँक्रीटसाठी समुद्राची वाळू आणि मचूळ विहिरीचे पाणी कटाक्षाने टाळावे. मिठामुळे आतले लोखंड गंजते, फुगते आणि काँक्रीटला तडे जातात. तयार सिमेंटचे खांब स्वस्त पडतात, पण त्यांच्यातली सळी पृष्ठभागाच्या फार जवळ असल्याने किनाऱ्यावर तेच आधी फुटतात. सात ते दहा दिवस पाणी मारल्याशिवाय खांबांवर काही चढवू नये. टोकाच्या आणि फाटकाच्या खांबांना आतल्या बाजूने तिरका टेका द्यावा, कारण वारा कुंपणाच्या टोकाशी वळतो तिथे जोर सर्वाधिक असतो. खाली जांभ्या चिऱ्याचा गडगा ठेवायचा असल्यास खांब गडग्यावर उभे करू नयेत. ते गडग्यातून थेट जमिनीत उतरले पाहिजेत.

खांबांना वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या पट्ट्या बसवून त्यांच्यावर चार इंच रुंदीच्या उभ्या फळ्या लावाव्यात: एक पुढच्या बाजूने, दुसरी मागच्या बाजूने. एकाच बाजूच्या दोन फळ्यांमध्ये तीन इंचांची फट ठेवली, की मागची फळी ती फट झाकून दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच पुढे जाते. समोरून पाहणाऱ्याला आतले काही दिसत नाही आणि वारा मात्र दोन फळ्यांमधून वळण घेऊन निघून जातो. अगदी तिरके पाहिल्यास थोडेफार दिसते, तेवढे चालवून घ्यावे. फळ्या उभ्याच लावाव्यात, आडव्या फळ्यांच्या कडांवर पाणी थबकते. आणि त्या जमिनीपासून तीन इंच वर ठेवाव्यात, नाहीतर वाळवीला आयती शिडी मिळते. सागाचा गाभा उत्तम, पण महाग. त्याऐवजी सिंधुदुर्गात मिळणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असल्याने चांगला उपयोगी पडतो. कीड लागू नये म्हणून त्याला केलेली बोरॅक्सची प्रक्रिया मात्र उघड्यावरच्या पावसात धुऊन जाते, म्हणून बांबू दोन-तीन वर्षांनी बदलायचा, असे धरूनच चालावे. लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल चोपडण्याची जुनी रीत चांगली आहे, फक्त हातमोजे घालावेत. ते तेल कातडी भाजते.

स्क्रू, बिजागऱ्या आणि कड्या 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या 304 प्रतीवर समुद्राजवळ तांबूस डाग धरतात, तर साधे खिळे लाकडातच गंजून फळी चिरतात.

कुंपणाच्या आत दीड-दोन फुटांवर जिवंत कुंपण लावावे. मृगाचा पाऊस सुरू झाला की गिरिपुष्प आणि निर्गुडी यांची खुंटे सहज जगतात. अगदी समुद्रासमोर असाल तर भेंड, उंडी आणि केवडा खारे वारे सोसतात. बांबू जुना होईपर्यंत ही झाडे डोक्याएवढी होतात, आणि मग बऱ्याच ठिकाणी बांबू नव्याने बांधावा लागत नाही.

देखभालीचे मुख्य काम मे महिन्यात, पाऊस येण्याआधी उरकावे. प्रत्येक खांब हाताने हलवून पाहावा, सैल स्क्रू आवळावेत आणि जस्त उडालेल्या जागी जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. पावसाळ्यात मीठ आपोआप धुऊन जाते. दिवाळीनंतर मात्र ते साचू लागते, म्हणून बिजागऱ्या अधूनमधून गोड्या पाण्याने धुवाव्यात. पडवीसमोरच्या चौकटी कायमच्या न ठोकता आकड्यांवर अडकवलेल्या ठेवाव्यात, म्हणजे वादळाचा इशारा मिळताच दोन माणसे त्या उतरवून माजघरात ठेवू शकतात, आणि खांब तेवढे वाऱ्यात उभे राहतात.