बर्फ पडायच्या आधी: थंड प्रदेशात बागेसाठी सल्ला आणि जागा शोधायची तयारी

थंड प्रदेशात भाजीपाल्याचा हंगाम जेमतेम चार-साडेचार महिन्यांचा, कुठे कुठे तर तीनच महिन्यांचा. त्यामुळे रोपं लावायची वेळ आल्यावर माहिती शोधायला निघणं परवडत नाही. तोवर कम्युनिटी गार्डनमधले, म्हणजे लोकांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे देणाऱ्या सामायिक बागेतले, प्लॉट वाटून झालेले असतात, आणि ज्यांना विचारायचं त्या अनुभवी लोकांना मान वर करायला सवड नसते. म्हणून ही यादी सप्टेंबरपासून सुरू होते. महिने उत्तर गोलार्धातले धरले आहेत. दक्षिणेकडच्यांनी सहा महिने पुढे मोजावेत.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि पहिल्या पानावर आपल्या जागेचा हार्डिनेस झोन (हिवाळ्यातल्या थंडीचा पट्टा) आणि फ्रॉस्टच्या, म्हणजे पारा शून्याला येऊन दव गोठण्याच्या, तारखा लिहा. या दोन गोष्टींची फार गल्लत होते. झोन ठरतो तो हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची अनेक वर्षांची सरासरी काढून. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशात असे 13 झोन आहेत, प्रत्येक 10 अंश फॅरनहाइटचा. त्यातला झोन 4 म्हणजे साधारण उणे 34 ते उणे 29 अंश सेल्सिअस. हा नकाशा 2023 मध्ये नव्याने काढला, 1991 ते 2020 या काळातल्या नोंदी घेऊन, आणि त्यात जवळपास निम्मा देश अर्धा झोन उबदार बाजूला सरकला. तेव्हा जुन्या पुस्तकातला झोन पुन्हा एकदा तपासून घ्या. कॅनडाचा नकाशा वेगळ्या पद्धतीने बनतो, त्यात बर्फाच्या थराची जाडी, पाऊस आणि वारासुद्धा धरतात. ब्रिटनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची एच1 ते एच7 अशी स्वतःची श्रेणी आहे. एका देशातला आकडा दुसऱ्या देशाच्या बियाण्याच्या पाकिटावर जसाच्या तसा लावू नका.

झोन कळला की रास्पबेरी, सफरचंद, गुलाब हिवाळा काढतील का हे कळतं. टोमॅटो पिकेल का, याच्याशी त्याचा संबंध नाही. टोमॅटो, घेवडा, काकडी ही एका हंगामाची पिकं. त्यांना वसंतातल्या शेवटच्या आणि शरदातल्या पहिल्या फ्रॉस्टमधले दिवस मोजून द्यावे लागतात. आणि या तारखा वाचताना एक बारकावा लक्षात ठेवा. ‘शेवटचा फ्रॉस्ट 15 मे’ असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा ती पन्नास टक्क्यांची तारीख असते, म्हणजे दर दोन वर्षांतून एकदा त्यानंतरही फ्रॉस्ट पडतो. हवामान खात्याच्या तक्त्यात दहा टक्क्यांचीही तारीख मिळते, म्हणजे जिच्यानंतर दहा वर्षांतून एकदाच फ्रॉस्ट पडतो. नाजूक रोपांसाठी मी तीच धरायला सांगेन, मग ती दोन आठवडे उशिराची असली तरी चालेल. वाटाणा, पालक, मुळा यांना एवढं जपावं लागत नाही.

तक्त्यातली तारीख ज्या हवामान केंद्राची असते ते पुष्कळदा विमानतळावर असतं, तुमच्या अंगणात नसतं. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली वाहते आणि सखल कोपऱ्यात साचते. ऑक्टोबरच्या एखाद्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्रीनंतर पहाटे लवकर बाहेर पडा आणि परिसर चालून बघा. ओढ्याकाठचं गवत पांढरं पडलेलं असतं, तर चार घरं वर चढावरच्या दक्षिणमुखी भिंतीशी झेंडूची फुलं अजून ताठ उभी असतात. कुठे पांढरं, कुठे हिरवं, हे वहीत कच्च्या नकाशावर टिपून ठेवा. प्लॉट निवडायची संधी मिळाली तर हा नकाशा कामी येईल, कारण वरच्या आणि खालच्या प्लॉटमध्ये हंगामाच्या दोन्ही टोकांना आठवडाभराचा फरक सहज पडू शकतो.

आता माणसं. अमेरिकेत असाल तर आपल्या काउंटीच्या (जिल्ह्यासारखा विभाग) एक्स्टेन्शन कार्यालयाचा फोन नंबर शोधा. 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने ही व्यवस्था उभी राहिली: कृषी विद्यापीठातलं ज्ञान काउंटीच्या पातळीवर सामान्य माणसापर्यंत पोहोचवायचं. तिथेच मास्टर गार्डनर भेटतात. हे विद्यापीठाने प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन राज्यात ही कल्पना निघाली आणि आता कॅनडातल्या बऱ्याच प्रांतांतही असे गट आहेत. इतरत्र हेच काम उद्यान संस्था, वनस्पती उद्यानं, महापालिकेचा उद्यान विभाग आणि स्वतः रोपं वाढवणाऱ्या लहान नर्सऱ्या करतात. बाहेरून रोपं आणून विकणाऱ्या मोठ्या दुकानात मात्र जपून विचारा, कारण तिथे पहिल्या उबदार शनिवारी टोमॅटोची रोपं मांडलेली असतात आणि ती तारीख विक्रीची असते, लावणीची नव्हे.

जाताना प्रश्न तयार ठेवा, कारण उत्तर किती उपयोगी मिळणार हे प्रश्नावर ठरतं. ‘इथे काय चांगलं येतं?’ असं विचारलं तर समोरचा चार नावं सांगून मोकळा होतो. त्याऐवजी विचारा: तुम्ही टोमॅटो बाहेर कोणत्या तारखेला लावता, गेल्या वर्षी कोणती जात पिकली आणि कोणती हिरवीच राहिली, लसूण कधी लावता, पहिला फ्रॉस्ट आला त्या रात्री काय झाकलं, ससे आणि हरणं यांच्यासाठी कुंपण किती उंच घातलं. झाड आजारी असेल तर पानाचा फोटो वरून, खालून आणि पूर्ण झाडाचा असे तीन काढून न्या. पाणी किती दिवसांनी देता, जागेवर ऊन किती तास येतं, आजार जुन्या पानांवर आधी दिसला की नव्या, हेही लिहून न्या. पान नेणार असाल तर कागदी पिशवीत न्या, प्लॅस्टिकमध्ये ते घाम येऊन सडतं आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही.

घराजवळच्या बागकाम करणाऱ्या शेजाऱ्याला विसरू नका. कुंपणापलीकडे ज्यांच्या वेलीवर सप्टेंबरअखेर लाल टोमॅटो दिसतात त्यांना थेट जाऊन जातीचं नाव विचारा. माझ्या मते हा सगळ्यात भरवशाचा सल्ला, कारण तो तुमच्याच मातीत आणि तुमच्याच थंडीत तपासून झालेला असतो. बागकाम करणारी माणसं याबद्दल बोलायला आनंदाने तयार असतात. सप्टेंबरात गेलात तर बियासुद्धा मिळतील.

कम्युनिटी गार्डन शोधायला महापालिकेच्या उद्यान विभागापासून सुरुवात करा. तिथे नसेल तर सार्वजनिक वाचनालय, शाळा, प्रार्थनास्थळं, गृहनिर्माण संस्था आणि अन्नवाटप केंद्रं यांना विचारा. बऱ्याच बागा यांच्या जागेवर चालतात आणि सरकारी यादीत नसतात. देशागणिक पद्धत बदलते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1908 च्या कायद्याने, मध्य लंडन वगळता, मागणी असेल तिथे अलॉटमेंट, म्हणजे भाजी लावायला भाड्याने जमिनीचा तुकडा, देण्याची जबाबदारी स्थानिक परिषदेवर टाकली आहे. सहा रहिवासी मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली तर तिला ती विचारात घ्यावीच लागते. जर्मनीत जागा बागकाम करणाऱ्यांच्या संघामार्फत मिळते, म्हणून आधी सभासद व्हावं लागतं. तिथल्या 1983 च्या कायद्यानुसार बाग 400 चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी आणि बागेतलं लाकडी घर 24 चौरस मीटरपेक्षा मोठं नसावं, त्यात कायमचं राहता येत नाही. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक बागा वर्षाच्या बोलीवर प्लॉट देतात आणि नूतनीकरणाचा पहिला हक्क जुन्या माणसाचा असतो. म्हणजे नव्याला उरलेलं मिळतं. शक्य तितक्या लवकर, आणि एकाऐवजी दोन-तीन बागांच्या वेटिंग लिस्टवर नाव घाला.

अर्ज भरण्याआधी बाग बघून या, आणि बघायची ती सप्टेंबरच्या शेवटी. जूनमध्ये सगळ्याच बागा देखण्या दिसतात. हंगामाच्या शेवटी खरं चित्र कळतं: किती प्लॉट तणाने भरून सोडून दिलेत, पायवाटा कुणी साफ ठेवल्यात का, कंपोस्टच्या ढिगावर रोग लागलेले टोमॅटोचे वेल टाकलेत का. नळ शोधा आणि तिथून तुम्हाला मिळू शकणाऱ्या प्लॉटपर्यंत पावलं मोजत जा. जुलैत भरलेल्या झाऱ्या हातात घेऊन रोज तेवढं चालायचं आहे. पाइप पोहोचतो का बघा. दुपारी तीनच्या सुमारास उभं राहून कोणत्या झाडाची किंवा इमारतीची सावली कुठवर येते ते पाहा. उत्तरेला शरदातली सावली फार लांब पडते, तेव्हा तीच सावली जूनमध्ये किती आखडेल याचा अंदाज घ्या. भाजीला दिवसाचे सहा ते आठ तास ऊन हवं.

मग तिथल्या माणसाला गाठून नियम विचारा. नळाचं पाणी कधी सुरू होतं आणि कधी बंद करतात? पाइप गोठून फुटू नयेत म्हणून थंडीआधी पाणी बंद करावंच लागतं, आणि वसंतात ते उशिरा सुरू झालं तर पेरलेल्या वाटाण्याला पाणी घरून न्यावं लागतं. प्लॉट वर्षभर तुमच्याकडे राहतो की शरदात सगळी जमीन ट्रॅक्टरने नांगरतात? हा प्रश्न फार महत्त्वाचा. लसूण थंड प्रदेशात जमीन गोठण्याआधी चार-सहा आठवडे लावतात आणि पुढच्या जुलैत काढतात. स्ट्रॉबेरी, रुबार्ब, शतावरी (ॲस्परॅगस) वर्षानुवर्षं त्याच जागी राहतात. नांगरट होणाऱ्या बागेत यातलं काहीच करता येत नाही. याशिवाय प्लॅस्टिकचा बोगदा किंवा थंडीसाठी काचेची पेटी ठेवता येते का, रासायनिक फवारणी चालते का, सामूहिक कामाचे तास किती, प्लॉट मेच्या कोणत्या तारखेपर्यंत लावला नाही तर काढून घेतात, हे विचारून घ्या.

माती परीक्षण शरदातच उरकावं. वसंतात प्रयोगशाळांकडे रांग लागते, आणि चुना घालायला सांगितलं तर त्याला मातीत मुरायला काही महिने लागतात. प्लॉटमध्ये आठ-दहा ठिकाणी साधारण 15 सेंटिमीटर खोल खणून स्वच्छ प्लॅस्टिकच्या बादलीत माती घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, तिच्यामुळे जस्ताचा आकडा चुकतो. सगळी नीट मिसळून, खडे-मुळं काढून, सावलीत वाळवून त्यातला नमुना पाठवा. मातीचा सामू (पीएच) 6 ते 7 च्या दरम्यान असेल तर बहुतेक भाज्यांना चालतो. शहरातली जागा असेल, शेजारी जुनं रंगवलेलं घर किंवा रहदारीचा रस्ता असेल, तर शिशाची तपासणी वेगळी मागून घ्या. शिसं जास्त निघालं तर बाहेरून स्वच्छ माती आणून गादीवाफे करावेत आणि खालच्या मातीत कंदमुळं, पालेभाज्या लावू नयेत. गादीवाफ्याचा थंड प्रदेशात आणखी एक फायदा: माती वसंतात लवकर तापते आणि बर्फ वितळल्याचं पाणी साचून राहत नाही.

बागेत शेणखत किंवा कंपोस्ट फुकट मिळत असेल तर घ्या, पण आधी तपासा. काही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाऊन शेणातही टिकून राहतात आणि टोमॅटो, घेवडा यांची पानं वळून झाड खुरटतं. दोन कुंड्यांत ते खत आणि दोन कुंड्यांत साधी माती घालून घेवडा पेरा. तीन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो.

हिवाळ्यातली कामं थोडी आहेत. जानेवारीत बियाणं मागवताना पाकिटावरचे दिवस वाचा. टोमॅटो आणि मिरचीच्या बाबतीत ते दिवस रोप बाहेर लावल्यापासून मोजलेले असतात, बी पेरल्यापासून नव्हे. हंगाम छोटा असेल तर 55 ते 70 दिवसांच्या जाती घ्या. कांद्याची ‘लाँग डे’ जात घ्या, दिवस 14 तासांच्या पुढे गेला की ती कांदा धरते. शेवटच्या फ्रॉस्टच्या तारखेपासून उलट मोजून कांदा 10 ते 12, मिरची 8 ते 10, टोमॅटो 6 ते 8 आणि काकडी 3 ते 4 आठवडे आधी घरात पेरा. बाहेर नेण्याआधी आठ-दहा दिवस रोपांना थोडा थोडा वेळ वारा आणि ऊन दाखवा. मातीचा थर्मामीटर मात्र आवर्जून घ्या: वाटाणा 5 अंश सेल्सिअसच्या मातीतही उगवतो, घेवडा 15-16 अंशांखाली कुजतो.

वेटिंग लिस्टवरच राहिलात तर बागेत स्वयंसेवक म्हणून जा; म्हाताऱ्या किंवा आजारी सभासदाला अर्ध्या प्लॉटसाठी मदतनीस हवाच असतो. कुंड्यांत लावायचं असेल तर बारमाही झाड आपल्या झोनपेक्षा दोन झोन जास्त थंडी सोसणारं निवडा, कारण कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही. आणि बागेच्या व्यवस्थापकांना मार्चच्या शेवटी पुन्हा एकदा फोन करा. नूतनीकरणाचे पैसे भरायची मुदत साधारण त्याच सुमाराला संपते, काही जण भरत नाहीत, आणि त्या आठवड्यात ज्याने विचारलं त्याचं नाव आधी आठवतं.