हम्मुराबीच्या कायद्यावर लिहिताय? या चुका टाळा

हम्मुराबी हा आजच्या इराकमधल्या प्राचीन बॅबिलोनचा राजा. त्याच्या न्यायाचा विषय निघाला की 'डोळ्याला डोळा' आलंच, आणि गाडी घसरते तीही तिथेच. वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. डोळा कुणाचा, हे मूळ मजकूर आधी विचारतो. अवीलुमने, म्हणजे वरच्या थरातल्या माणसाने, दुसऱ्या अवीलुमचा डोळा फोडला तरच त्याचा डोळा फोडायचा. त्याहून खालच्या मुश्केनुमचा फोडला तर एक मीना, म्हणजे सुमारे अर्धा किलो चांदी द्यायची. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम. तेव्हा 'कायद्यापुढे सगळे समान' हे वाक्य निदान या लेखात तरी नको. बरं, अवीलुमांतही हिशेब नेहमी सरळ नव्हता: घर कोसळून मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला ठार करायचं. चूक बापाची, जीव पोराचा!

'जगातला पहिला कायदा' असंही लिहू नका. हम्मुराबीचा काळ साधारण इ.स.पू. १७९२ ते १७५०. त्याच भागातल्या ऊर शहराचा राजा ऊर-नम्मू याचे सुमेरी भाषेतले कायदे त्याआधी सुमारे तीन शतकांचे, आणि त्यांत इजेबद्दल चांदीचा दंड आहे. म्हणजे 'आधी सूड, मग दंड' ही आपली सोयीची चढती भाजणी इथे उलटीच पडते.

'हम्मुराबीची २८२ कलमं' हा आकडाही जपून वापरा. हे कायदे ज्या दगडावर कोरलेत, त्यावर क्रमांक नाहीतच. ते १९०२ साली शेइल या फ्रेंच अभ्यासकाने घातले. दगड सापडला तोही बॅबिलोनमध्ये नव्हे, इराणातल्या सूसा इथे. एलाम या तिथल्या प्राचीन राज्याचा राजा शुत्रुक-नहुंते याने तो लुटून नेला होता. मजकूर खोडणाऱ्याला हम्मुराबीने शेवटी लांबलचक शाप दिलेत. तरी खालच्या बाजूचे काही रकाने घासून काढलेले आहेत, बहुधा एलामींनीच. आता हा सव्वादोन मीटरचा काळा दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या माथ्यावरचं चित्रही नीट बघा: सूर्यदेव शमश राजाला कायद्याची पाटी देत नाहीये, देवाच्या हातात काठी आणि कडं आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे याला आजच्या दंडसंहितेसारखं वाचणं. त्या काळातले हजारो करार आणि निवाडे मातीच्या पाट्यांवर टिकलेत, पण 'अमुक कलमानुसार' असं म्हणून निकाल देणारा न्यायाधीश त्यांत जवळपास दिसत नाही. 'मी न्यायी राजा आहे' हे देवांना आणि पुढच्या पिढ्यांना सांगणारा हा दगड आहे, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

आणि फक्त हात तोडणं, बुडवणं, जाळणं यांचीच यादी देऊ नका. कर्ज, शेती, पाटाचं पाणी यांवरही भरपूर मजकूर आहे. अठ्ठेचाळिसावं कलमच घ्या. कर्जदाराचं पीक वादळाने वा पुराने गेलं, किंवा पाण्याअभावी आलंच नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य द्यायचं नाही, व्याजही नाही. करार असायचा कच्च्या मातीच्या पाटीवर. कलम म्हणतं, त्याने आपली पाटी पाण्याने भिजवावी.