जुना बी-२७५ ट्रॅक्टर दुरुस्तीला काढताय? आधी या चुका टाळा

नवी मुंबईत घणसोलीला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एकदम कोपऱ्यात आजोबांचा ट्रॅक्टर उभा होता, बी-२७५. आधी भाताच्या चिखलणीला चालायचा, मग सिडकोने जमीन घेतली, नांगर सुटला आणि मागे ट्रॉली लागली, बरीच वर्षं मातीच्या भरावाच्या खेपा मारल्या, आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्याच्या प्लॉटवर बिल्डिंग झाल्यावर ताडपत्री टाकून जो उभा राहिला तो राहिलाच. मागच्या वर्षी मी आणि माझ्या चुलतभावाने तो चालू करायला घेतला. त्यात आम्ही काय काय चुकलो आणि आजूबाजूला लोकांना काय चुकताना बघतोय ते सगळं लिहितोय, कारण ठाणे जिल्ह्यात, मुरबाड-शहापूरकडे तर नक्कीच, असे ट्रॅक्टर अजून गोठ्यात पडून आहेत आणि चुकीच्या हाती लागले की थेट भंगारात जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "२७५ म्हणजे २७५" असं समजणं. बी-२७५ वेगळा आणि आज शोरूमला मिळतो तो महिंद्रा २७५ डीआय वेगळा, नुसता आकडा सारखा आहे. बी-२७५ हा मुळात अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा, १९५८ ला ब्रिटनमध्ये यॉर्कशरला बनायला लागला, त्याच्या आधी १९५६ ला बी-२५० आला होता. त्यात बीडी-१४४ नावाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, १४४ म्हणजे १४४ घनइंच, आपल्या हिशोबाने साधारण २३६० सीसी. आणि आजचा २७५ डीआय टीयू तीन सिलिंडरचा, ३९ एचपी. डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, जुन्या इंजिनात डिझेल आधी छोट्या चेंबरमध्ये पेटतं, म्हणून त्याला हीटर प्लग असतात, म्हणजे चालू करायच्या आधी तो चेंबर तापवणारे प्लग. आमच्या मिस्त्रीने फोनवर दुकानात नुसतं "महिंद्रा २७५ चा रिंग सेट द्या" सांगितलं आणि पाकिटात तीनच पिस्टनच्या रिंगा आल्या. दुकानदाराचा काही दोष नाही, आपणच अर्धं नाव सांगितलं. पार्ट मागवायच्या आधी बॉनेट उघडा आणि फ्युएल पंपातून नोजलकडे (डिझेल फवारतं ते) किती पाइप जातात ते बोट लावून मोजा, बीडी-१४४ ला चार असतात. मग इंजिन नंबरचा फोटो काढून दुकानात पाठवा.

दुसरी गोष्ट वर्षाची. जुनी वाहनं विकणारे लोक बिनधास्त सांगतात, "साहेब, १९५० चा महिंद्रा आहे, अँटिक पीस". हे होऊच शकत नाही. महिंद्राची सुरुवात १९४५ ची, पण ती स्टीलच्या धंद्याने, नंतर जीप. ट्रॅक्टरसाठी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली ती १९६३ ला, महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास मिळून, आणि ती महिंद्रात विलीन झाली १९७७ ला. म्हणजे त्यांच्या कांदिवलीच्या कारखान्यात बनलेला बी-२७५ कोणी १९६३ च्या आधीचा म्हणून विकत असेल तर किंमत तिथेच थांबवा, आरसी बुक आणि चेसिस नंबर बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. मला हे खरंच फार जवळचं वाटतं, आपल्या इथून खाडी ओलांडली की कांदिवली, आणि आमच्या गावच्या शेतात चिखलात फिरलेलं मशीन तिथून आलं.

आणि लाल दिसला की मॅसी फर्ग्युसन किंवा स्वराज असं काहीही जोडून टाकतात लोक. इंटरनॅशनल हार्वेस्टर १९०२ ला मॅककॉर्मिक, डीअरिंग वगैरे पाच कंपन्या एकत्र येऊन झाली, तिचा फार्मॉल ट्रॅक्टर १९२० च्या दशकात आला आणि तो आधी करड्या रंगात यायचा, लाल झाला १९३६ ला. मॅसीची लाइन वेगळी, आपल्याकडे ती मद्रासच्या टॅफेने १९६० पासून आणली. स्वराज तर पूर्ण देशी डिझाइन, दुर्गापूरच्या संशोधन संस्थेतलं, १९७४ ला पंजाबमध्ये बनायला लागला, महिंद्राकडे गेला थेट २००७ ला. या तिन्हींचे पार्ट एकमेकांना लागतील म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

आता रंग. ही चूक आठवली की अजून जीव तुटतो. आम्ही घाईघाईने ट्रॅक्टर एका पेंटरकडे दिला, त्याला सांगितलं चकाचक करून दे, आणि त्याने ग्राइंडर लावून बॉनेट पत्र्यापर्यंत घासलं. एका बाजूला जुन्या रंगाच्या थराखाली बी-२७५ ची मूळ अक्षरं होती, अर्धवट, पण होती. मी संध्याकाळी गेलो तर नुसता पांढरा पत्रा. आजोबा रोज सकाळी ज्या बाजूला हात टेकून चढायचे तीच बाजू होती ती. तुम्ही घासायच्या आधी रंगाचा प्रत्येक थर बघा, ओल्या कापडाने पुसा, मोजपट्टी ठेवून फोटो काढा, अक्षरांची ट्रेसिंग पेपरवर छाप घ्या, आणि चेसिस-इंजिन नंबरच्या पट्टीवर तर ब्रशसुद्धा लावू देऊ नका. पट्टीवर रंग चढला की आरटीओच्या पासिंगला पण त्रास आणि नंबर मिटला तर अजूनच मोठं लफडं. इंजिन बदललं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं, आणि पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं हे पण लक्षात असू द्या.

चालू करतानाची पहिली चूक म्हणजे दुसरी गाडी आणून टो करून ओढणं. खाडीच्या दमट हवेत वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, ओढलं की रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. नोजल काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून थोडं थोडं ओता, आठवडाभर तसंच राहू द्या, मग पुढच्या पुलीला पाना लावून हाताने हलवा, हळू, दोन्हीकडे. आमचं सहाव्या दिवशी केसभर सरकलं, चुलतभाऊ ओरडलाच, पण तरी जोर लावला नाही, अजून चार दिवस थांबलो.

मग चालू होत नाही म्हणून स्प्रे मारतात. हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाहीच, तापलेल्या प्लगवर तो मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाइपातच, फुटू शकतो. आधी प्लगना करंट जातोय का बघा, पावसाळ्यात सकाळी हीटर नीट तापू द्या, मग सेल्फ मारा. तरीही नुसताच फिरत असेल तर बहुतेक डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरलीय. टाकी रिकामी करून गंज आणि पाणी काढा, फिल्टर नवा टाका, मग हवा काढायचा क्रम पाळा, आधी फिल्टरचा बोल्ट, मग पंपाचा, शेवटी नोजलच्या पाइपचे नट. लोक उलटीकडून सुरू करतात आणि दिवसभर हँड पंप दाबत बसतात. बुडबुडे बंद होऊन सलग डिझेल आलं की घट्ट करा. चालू झाल्यावर पांढरा धूर थोडा वेळ चालतो, निळा राहिला तर ऑइल जळतंय, रिंगा बघाव्या लागतील.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो, जुन्या ब्रिटिश धाटणीच्या ट्रॅक्टरांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थ असायचं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, त्यामुळे वायरिंग कोणी बदललंय का हे तपासल्याशिवाय जोडू नका, डायनमो जाऊ शकतो.

ब्रेक आणि डिफ लॉक मात्र सहज घेऊ नका. डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो, शेतात वळायला ते बरं, पण रोडवर येताना दोन्ही पेडल कडीने जोडलेच पाहिजेत, नाहीतर घोडबंदर रोडसारख्या गर्दीच्या ठिकाणी एकच ब्रेक दाबला गेला की ट्रॅक्टर आडवा. बी-२७५ चे डिस्क ब्रेक कोरडे असतात, सील गळून त्यावर ऑइल आलं तर पकड जाते, नुसतं अॅडजस्ट करून उपयोग नाही, सील बदला. डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा लॉक, चिखलात अडकल्यावर सरळ जाताना दाबायचा, वळायच्या आधी सोडायचा, डांबरावर तर अजिबात नको.

या जुलैमध्ये मुरबाडला मामांच्या शेतावर नेला, टेम्पोत घालून. चिखलणीला केजव्हील, म्हणजे लोखंडी जाळीची चाकं, लावली, मामांनी स्वतः सीट पुसली आणि आईला म्हणाले, "ताई, तू बस आधी". आई बसली, आम्ही लहान असताना आजोबांनी आम्हाला याच मडगार्डवर बसवून शेतभर फिरवलं ते सांगत राहिली. बॉनेटवर अजून अक्षरं लिहिलेली नाहीत, मूळ छाप कुणाकडे असेल तर मला ती हवीय, त्याच मापात परत रंगवायचीत.