एका कामाला तीन फेऱ्या? सीमाभागातल्या घरांनी या चुका टाळा

व्यवस्थितपणाचा विषय निघाला की सल्ला सुरू होतो तो पहाटे उठण्यापासून. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं पहाटे उठतातच. त्यांचा वेळ जातो तो फेऱ्यांमध्ये. सकाळची बस धरायची, रांगेत उभं राहायचं आणि खिडकीपाशी कळायचं की एक झेरॉक्स राहिली. शेतातलं काम पडून राहतं, रोजगार बुडतो तो वेगळाच. यातल्या बऱ्याच फेऱ्या टळण्यासारख्या असतात.

सुट्ट्या एकाच राज्याच्या बघणं

तिथी, एकादशी, संकष्टी बघायला घरात मराठी कॅलेंडर असतंच. पण त्यातल्या सुट्ट्या बहुधा महाराष्ट्राच्या असतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी कोल्हापुरात, बेळगावात नाही. उलट बसव जयंती, कनकदास जयंती आणि १ नोव्हेंबरचा राज्योत्सव या सुट्ट्या कर्नाटकच्या. शनिवारचा घोळ त्याहून मोठा. महाराष्ट्रात २०२० पासून सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे सगळे शनिवार बंद. कर्नाटकात दुसरा आणि चौथा शनिवारच बंद. निपाणीहून शनिवारी कोल्हापूरच्या कचेरीत निघालेला माणूस हात हलवत परत येतो.

कर्नाटक सरकारची सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच त्याच कॅलेंडरवर पेनानं मांडून घ्या. दुसरं कॅलेंडर टांगू नका, त्याकडं कोणी बघत नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये, म्हणजे कर्नाटकच्या तिथल्या विधानभवनात, अधिवेशन असतं तेव्हा मोर्चे, बंदोबस्त आणि ट्रॅफिक यांत शहर अडकलेलं असतं. न अडणारी कामं तेवढे दिवस पुढं ढकला.

प्रत्येक कागदावर वेगळं नाव

सगळ्यात जास्त दिवस खाणारी चूक हीच. घरात हाक मारायला परशराम, रेशनकार्डावर परशुराम, शेताच्या उताऱ्यावर परसराम. एकीकडं आडनाव आधी, दुसरीकडं शेवटी. मराठी नाव कन्नडमध्ये टाइप होतं, तिथून इंग्रजीत जातं आणि प्रत्येक टप्प्यावर एखादं अक्षर बदलतं. शहराचं सरकारी नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं, म्हणून जुन्या-नव्या कागदांत गावाचं नाव वेगळं दिसतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माणसाच्या नावातला फरक मात्र वारसा लावताना, पेन्शनच्या वेळी, मुलांच्या प्रवेशाला हमखास आडवा येतो.

घरातल्या प्रत्येकाचं एक नाव ठरवा. दहावी झालेली असेल तर मार्क्सकार्डावरचं स्पेलिंग पायाभूत धरा. ते वहीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत लिहून ठेवा आणि प्रत्येक अर्जाच्या वेळी ती वही ऑपरेटरसमोर ठेवा. बटण दाबण्याआधी स्क्रीन आपल्याकडं वळवायला सांगा. कन्नड वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या मुलाला सोबत न्या. यात संकोच करू नका, नंतरची दुरुस्ती फार महागात पडते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून ‘आता होऊ दे, नंतर बघू’ हे तिथं चालत नाही.

सगळे कागद एकाच पिशवीत

ट्रंकेत तळाशी प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात लग्नपत्रिकेपासून खरेदीखतापर्यंत सगळं. खानापूरच्या पावसात त्या कागदांना बुरशी धरते, घड्यांवर अक्षरं पुसतात. माणशी एक फाईल करा, घर-जमिनीची वेगळी. घडी नको. मूळ खताला लॅमिनेशनही नको, पुढं त्यावर शिक्का मारता येत नाही. पावसाळा संपला की फायली काढून वारा द्या.

आपल्याकडची खरी अडचण अशी, की दाखले कन्नडमध्ये असतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना उत्पन्नाचा कुठला, जातीचा कुठला हे ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक कागदाच्या पाकिटावर मराठीत चिठ्ठी लावा: कशाचा दाखला, कोणाचा, कधी काढला, मुदत कधीपर्यंत. ती मुदत दाखल्यावरच कन्नडमध्ये छापलेली असते, पण कुणी वाचून सांगितली नाही तर ती संपल्याचं थेट कॉलेजच्या खिडकीवरच कळतं.

फोनमधल्या फोटोंवर विसंबू नका, व्हॉट्सअ‍ॅपच्या गर्दीत ते सापडत नाहीत. आधार, लायसन्स डिजीलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये उतरवून घेतलं तर मूळ कागदासारखंच चालतं.

ओटीपी पुण्याला

आईच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला, मुलगा पुण्यात शिफ्टवर आणि आई नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कचेरीत, खिडकीपाशी उभी. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपते आणि मागची रांग कुरकुरायला लागते. जो फोन घरात राहतो त्याचाच नंबर जोडा. सेवाकेंद्रवाल्याचा नंबर कधीही देऊ नका.

क्रम न ठरवता बाहेर पडणं

बेळगावच्या बाजारातली गणपत गल्ली संध्याकाळपर्यंत कुठं जात नाही. कचेरीत मात्र सर्व्हर आणि साहेब यांचा भरवसा सकाळीच. आधी सरकारी काम, मग बँक, बाजार शेवटी. एका फेरीला सरकारी काम एकच धरा, दोन धरली तर दोन्ही अर्धवट राहतात. सकाळी उतरतानाच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घ्या.