पाणी कुठे थांबते, माणसे कुठे बसतात

वस्त्यांच्या आरोग्यावर काम करायचे आहे, सुरुवात कुठून करू, असे वास्तुकलेची आणि समाजकार्याची मुले मला विचारतात. मी त्यांना पावसाळ्यात गोव्यातल्या एखाद्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, पायी फिरायला सांगते. पाणी कुठे थांबते आणि माणसे कुठे बसतात, एवढेच पाहायचे. माझी स्वतःची सुरुवात अशीच झाली.

पणजीच्या आल्तिनोवरच्या गोवा वास्तुकला महाविद्यालयातून पदवी घेऊन मी एका पाहणीत काम करू लागले, तेव्हा फोंड्याजवळच्या एका वसाहतीत तापाचे रुग्ण वाढले होते. शेजारी नवी इमारत उभी राहत होती. रहिवासी म्हणत, ताप मजुरांनी आणला. आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्याबरोबर आम्ही बांधकामावर गेलो. क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देण्यासाठी, स्लॅबवर बांध घालून पाणी अडवलेले, लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी, आणि दोन्हीकडे अळ्या. मग तो कर्मचारी म्हणाला, "आता जुन्या इमारतीच्या गच्चीवर चला." तिथल्या टाक्यांना झाकणे नव्हती. त्यातही त्याच अळ्या.

शहरी हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी हा डास टाकी, विहीर, बांधकाम अशा ठिकाणच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, तो या हिशेबानेच. पण मला अधिक खटकली ती मजुरांची शेड. चारही बाजूंनी पत्रे, खिडकी नाही. उकाड्याने माणसे रात्री उघड्यावर झोपत, मच्छरदाणीशिवाय. आजारी माणसाला चावलेला डास पुढे शेजारच्या इमारतीतही जाणारच. गोव्यात बांधकाम मजुरांची रक्ततपासणी होते, त्यांना हेल्थ कार्ड काढावे लागते. ते हवेच. पण त्या कार्डाने शेडमधला उकाडा कमी होत नाही. झोपायची जागा हा आजाराच्या साखळीतला दुवा आहे, हे मला त्या दिवशी कळले, आणि तेव्हापासून पाहणीत "खोल्या किती?" याआधी मी "रात्री कोण कुठे झोपते?" हे विचारते.

दुसरी गोष्ट बसण्याची. गोव्यातल्या जुन्या घराला दारासमोर बलकांव, म्हणजे छपराखालचा ओटा, असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सोपो, म्हणजे बसायचे दगडी बाक. डिचोलीला आमच्या शेजारच्या आजी रोज संध्याकाळी तिथे बसत. येणारा-जाणारा विचारायचा, त्याही हाक मारायच्या. एके दिवशी त्या बाहेर दिसल्या नाहीत म्हणून माझी आई आत गेली, तर त्या न्हाणीघरात पडलेल्या. नव्या इमारतींत खाली गाड्या, वर फ्लॅट. चौथ्या मजल्यावरचे आजोबा लिफ्ट बंद पडली की आठवडाभर खाली येत नाहीत, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आराखड्यात जिन्यापाशी, सावलीत, रस्ता दिसेल असा एक कट्टा ठेवायला फार खर्च येत नाही. मी प्रत्येक आराखड्यात तो मागते.

जुने ते सगळे चांगले, असे मात्र समजू नका. बलकांव बहुधा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घराला असायचा. त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या घरात एकच खोली, चुलीचा धूर आणि हातभर खिडकी. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी खिडक्या-झरोक्यांची उघडी जागा मागते. टेप घेऊन मोजा, किती घरे त्यात बसतात ते दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. गर्दी, घरातले तापमान, घरात होणारे अपघात, अपंगांना वावरता येणे हे विषय त्यांत आहेत. ती वाचाच, पण त्यात पावसाळ्याचा वास नाही. इथे वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि भिंतीच्या ओलीने दमेकरी बेजार होतात.

विहिरीकडे विशेष लक्ष द्या. सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीपासून पंधरा-अठरा मीटर लांब असावा, असे शिकवतात. पण आपला चिरा, म्हणजे इथला जांभा दगड, सच्छिद्र, त्यात पोकळ्या आणि भेगा. पाणी कोणत्या वाटेने जाईल याची खात्री नसते, शिवाय पावसात भूजल वर येते. म्हणून अंतर मोजून थांबू नका, खड्डा चढावर आहे की उतारावर तेही पाहा, आणि पाण्याचा नमुना पावसाळ्यात तपासायला द्या.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. वास्तुकलेला पाच वर्षे, त्यासाठी नाटा परीक्षा. पुढे नगररचनेचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर दिल्ली, अहमदाबादकडे पाहावे लागते. डॉक्टर असाल तर बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग आहे. समाजकार्यातून आलेल्यांना नकाशा वाचायला शिकावे लागते, आणि आम्हा वास्तुकारांना ऐकायला. माझ्या मते दुसरे अधिक अवघड.

माझी पहिली प्रश्नावली इंग्रजीत होती. उत्तरे मिळाली, पण माहिती मिळाली नाही. इथे घरात कोकणी बोलतात, वर्तमानपत्र मराठी वाचतात. दोन्हींत तयारी ठेवा. दुपारी जेवणानंतर जाऊ नका, चारनंतर जा. सोबत टॉर्च असू द्या, टाकीत आणि न्हाणीघरात डोकावायला लागते.

प्रादेशिक आराखडाही समजून घ्या, कुठली जमीन कशासाठी वापरायची ते त्यात ठरते. २०११ हे लक्ष्यवर्ष धरून केलेला आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे २००७ साली रद्द झाला. गावाच्या नकाशावरचा एक रंग बदलला की शेत, व्हाळ (ओढा) आणि विहीर यांचे काय होते, हे तेव्हा खेड्यापाड्यांतली माणसे आम्हा नकाशेवाल्यांपेक्षा नीट सांगत होती.

तुमची पाहणी संपली की अहवाल कार्यालयात देऊन मोकळे होऊ नका. एप्रिलमध्ये रविवारी होणाऱ्या ग्रामसभेत तो मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावा. पावसाआधी गटार साफ करून घ्यायला हाती दीड-दोन महिने उरतात. मी पहिल्यांदा नकाशा लावला तेव्हा मागे उभे असलेले एक काका पुढे आले, माझ्या हातातले पेन घेतले आणि म्हणाले, "बाय, हा व्हाळ तू सरळ काढलास. तो इथे वळतो. पाणी इथेच तुंबते." त्या वळणावर त्यांनी एक गोल काढला. त्या वर्षी साफसफाई तिथूनच सुरू झाली.