माइनक्राफ्ट सर्व्हरसाठी मॉडरेटर निवडताना

माइनक्राफ्ट या खेळाचा सर्व्हर (अनेकांनी एकत्र खेळण्याचे ऑनलाइन जग) सुरू करणे सोपे असते. रात्री दोन वाजता तो कोण सांभाळणार, हा प्रश्न मात्र खेळाडू वाढू लागले की पडतो. अशा वेळी बहुतेक मालक रोज आपल्याबरोबर खेळणाऱ्या दोन-तीन मित्रांना मॉडरेटर (थोडक्यात ‘मॉड’ : तक्रारी सोडवणारे आणि नियम पाळायला लावणारे) करून मोकळे होतात. मीही तेच केले होते, आणि महिन्याभरात ‘मॉड म्हणजे ऍडमिनचे दोस्त’ हे वाक्य चॅटमध्ये इतक्यांदा आले की त्या मॉडच्या बरोबर निर्णयांवरही कोणी विश्वास ठेवेना. त्यानंतर आम्ही बसवलेली पद्धत पुढे देत आहे.

पहिली पायरी : अर्ज मागवण्याआधी काम आणि निकष लिहून काढा. नावे समोर आल्यावर निकष ठरवायला बसलो, तर ते नकळत मनातल्या माणसाच्या मापाने बेतले जातात. ‘व्हॉइस चॅटवर नियमित असावा’ अशी अट आम्ही एकदा घातली होती. दोन खोल्यांच्या घरात सगळे झोपल्यावर खेळणारा मुलगा त्या अटीमुळे आपोआप बाद होतो, हे नंतर लक्षात आले, आणि तक्रारी सोडवायला तर बोलावे लागतच नाही. म्हणून प्रत्येक अटीपुढे ती कोणत्या कामासाठी हवी ते लिहावे आणि लिहिता आले नाही तर ती खोडावी. पहारा कोणत्या वेळी कमी पडतो, हेही पाहावे. भारतात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे साडेचार झालेले असतात, त्यामुळे तिथला एखादा मराठी खेळाडू जी वेळ सहज सांभाळेल, तिच्यासाठी पुण्यातल्या कोणाला जागवण्याचे कारण नाही.

मात्र आठवड्याला अमुक तास हजेरी हवीच, अशी सक्ती करू नये. एओएल या इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम सांभाळणाऱ्या अमेरिकेतील स्वयंसेवकांना आठवड्याचे किमान तास ठरवून दिलेले होते आणि त्यांचा हिशेबही द्यावा लागे. हे नोकरीसारखेच आहे म्हणून वेतन द्या, असा दावा त्यांच्यापैकी काहींनी 1999 मध्ये लावला, आणि 2010 मध्ये तो दीड कोटी डॉलरना मिटला. आपला सर्व्हर लहान असला तरी फुकट काम करणाऱ्याकडे हजेरीपट मागणे शोभत नाही.

दुसरी पायरी : अर्ज सर्वांना दिसेल असा जाहीर करा, निदान दोन आठवडे खुला ठेवा आणि मोजकेच प्रश्न विचारा. खरे नाव, फोन नंबर, शाळा यांची गरज नसते. खेळाडू वापरतात त्या डिस्कॉर्ड या चॅट-ॲपवर खाते उघडण्यासाठी किमान 13 वर्षांची अट आहेच. मॉडला खाजगी तक्रारी वाचाव्या लागत असल्याने आम्ही 16 ही मर्यादा ठेवली आहे.

तिसरी पायरी : नावे झाका. निवड समितीत नसलेल्या एका व्यक्तीने उत्तरे एका तक्त्यात उतरवून नावांच्या जागी क्रमांक घालावेत. प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबे देणारा खेळाडू तरीही ओळखू येतोच, पण बाकीचे बहुतेक येत नाहीत. तिघांनी वेगवेगळे बसून गुण द्यावेत आणि ते नोंदवल्यानंतरच चर्चा करावी, कारण आधी बोलणाऱ्याचे मत इतरांच्या गुणांत उतरते. ओळख पटलीच आणि तो आपल्याच गटातला निघाला, तर त्या सदस्याने त्याला गुण देऊ नयेत. खेळाडूंचे मतदान मी टाळतो. त्यात लोकप्रियता मोजली जाते, आणि एकाच माणसाची चार खाती मतदानाला येतात ती वेगळीच.

चौथी पायरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : प्रत्यक्ष प्रसंग द्या. आम्ही जगाची एक प्रत उघडून त्यात एक घर ठेवतो. घरातली पेटी रिकामी असते, दोन खेळाडू एकमेकांवर चोरीचा आळ घेत असतात आणि उमेदवाराला दहा मिनिटे मिळतात. एकाने चढ्या आवाजात भांडणाऱ्याला दुसऱ्याच मिनिटाला बॅन केले. दुसरीने आधी दोघांना ‘पाहते, थांबा’ एवढेच लिहिले, कोअरप्रोटेक्ट या प्लगइनच्या (कोणी काय ठेवले-काढले याच्या) नोंदी उघडल्या आणि हिरे तिसऱ्याच कोणी काढल्याचे शोधले; तो तिसरा म्हणजे मुद्दाम ठेवलेला ऍडमिनचा मित्र होता. तिने त्याचेही नाव न कचरता अहवालात लिहिले. अर्जातील ‘मी निःपक्षपाती आहे’ या वाक्यावरून हे कधीच कळले नसते.

पाचवी पायरी : अधिकार हप्त्याहप्त्याने द्या. नव्या मॉडला मेसेज काढणे आणि टाइमआउट देणे (काही वेळ बोलणे बंद करणे) एवढे पुरते. बॅन नंतर, आणि ओपी (सर्व्हरवरचे सर्व अधिकार) तर नाहीच. लकपर्म्स या अधिकार वाटून देणाऱ्या प्लगइनमध्ये त्यासाठी वेगळा गट करता येतो. डिस्कॉर्डच्या ऑडिट लॉगमधील (कोणत्या मॉडने काय केले याच्या) नोंदी 45 दिवसच राहतात, म्हणून चाचणीचा काळ 30 दिवसांचा ठेवून त्या पुसल्या जाण्याआधी मॉडबरोबर बसून त्याचा प्रत्येक निर्णय पाहून घ्यावा.

नकार मिळालेल्यांनाही खाजगीत उत्तर द्यावे, आणि त्यात कारण नेमके असावे : ‘प्रसंगात तुम्ही नोंदी न पाहता निर्णय दिला; तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करू शकता.’ आमच्या सध्याच्या चार मॉडपैकी दोघांना पहिल्या खेपेला असेच पत्र गेले होते.