इंग्लिश कॉम्प 1: अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या रायटिंग कोर्सने मला काय शिकवलं

अमेरिकेत अंडरग्रॅडला येणाऱ्या बहुतेक सगळ्यांना, मेजर (मुख्य विषय) काहीही असू दे, पहिल्या वर्षी रायटिंगचा कोर्स घ्यावाच लागतो. कुठे त्याला इंग्लिश कॉम्पोझिशन म्हणतात, कुठे फर्स्ट इयर रायटिंग, मुलं नुसतं कॉम्प म्हणतात. मी हा कोर्स न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) केला, लातूरला बारावी करून आईबाबांसोबत इकडे आल्यावर लगेच, आणि मेजर कॉम्प्युटर सायन्स. आपल्याकडची मुलं, नर्सिंगवाली असोत की इंजिनिअरिंगवाली, या कोर्सकडे 'एकदाचं उरकून टाकू' म्हणून बघतात, पण मला मनापासून वाटतं की पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त हातात देणारा कोर्स हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ही पद्धत इकडे जुनी आहे, हार्वर्डने 1885 मध्ये पहिल्या वर्षाला कॉम्पोझिशन सक्तीचं केलं आणि मग बाकीच्यांनी ते उचललं. साधारण 3 क्रेडिट असतात, पाठ करून लिहायची परीक्षा शक्यतो नसते, त्याऐवजी तीन-चार मोठे पेपर, प्रत्येकाचे दोन-तीन ड्राफ्ट, आणि बऱ्याच कॉलेजांत शेवटी पोर्टफोलिओ, म्हणजे सेमिस्टरभराच्या लेखनाचा संच. त्या पोर्टफोलिओसोबत एक रिफ्लेक्शन लिहायचं असतं, म्हणजे या सेमिस्टरमध्ये लेखक म्हणून तुम्ही कसे वाढलात ते. नवीन मुलं अडखळतात ती बहुतेक याच्यावरच, त्याच्याकडे येतेच.

आपला शाळेतला निबंध आठवा. एका बैठकीत लिहायचा, सुवाच्य अक्षर, सुरुवातीला सुविचार नाहीतर कवितेच्या दोन ओळी, शेवटी 'म्हणूनच म्हणतात की'. मी त्याला नावं ठेवणार नाही, त्याच्यामुळेच कोरं पान बघून घाबरायची सवय मला लागली नाही. पण तिथे वाचणारा म्हणजे पेपर तपासणारे सर, आणि सरांना काही पटवून द्यायचं नसतं. कॉम्पमध्ये पहिल्या आठवड्यापासून एकच प्रश्न मागे लागतो, हे कोण वाचणार आहे आणि वाचून त्याचं मत कुठे हलायला पाहिजे?

हा प्रश्न मला खरा कळला तो रेटॉरिकल अ‍ॅनालिसिसच्या पेपरला, म्हणजे एखादा लेखक वाचणाऱ्याला कसं पटवतो ते उलगडून दाखवायचं. आम्हाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र होतं, खूप कॉलेजांत असतं. अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढलं होतं की ही वर्णभेदाविरुद्धची निदर्शनं वेळ न बघता केलेली आहेत, आणि हे पत्र म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर. आता त्यात एक वाक्य आहे, इंग्रजीत तीनशेहून जास्त शब्दांचं, 'जेव्हा तुम्ही' 'जेव्हा तुम्ही' करत एकामागून एक अन्याय येत राहतात आणि पूर्णविराम काही येतच नाही, वाचता वाचता आपणच तिष्ठत राहतो. 'थांबा' म्हणणाऱ्या लोकांना त्यांनी त्या वाक्यात थांबायला लावलंय! हे दिसलं तेव्हा मी ते पान परत परत वाचलं. वाक्य किती लांब ठेवायचं हासुद्धा लिहिणाऱ्याने घेतलेला निर्णय असतो हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला असा पेपर आला की इथोस-पॅथोस-लोगोस (लेखकाची विश्वासार्हता, भावना, तर्क) असे तीन पॅराग्राफ पाडत बसू नका, प्रोफेसरांनी तसले शेकडो वाचलेले असतात, एक जागा धरा आणि तिथे लेखकाने काय केलंय आणि कोणासाठी केलंय ते उलगडा.

दुसरा मोठा पेपर रिसर्चचा. माझा विषय होता न्यू जर्सीचे गॅस स्टेशन. इथे स्वतःच्या गाडीत स्वतः गॅस भरायला (आपल्या भाषेत पेट्रोल) कायद्याने बंदी आहे, 1949 पासून, आणि 2023 मध्ये ओरेगनने नियम सैल केल्यावर अशी बंदी असलेलं हे एकटंच राज्य उरलंय. पहिल्या ड्राफ्टमध्ये माझी थिसिस (पेपरचा मुख्य दावा) होती 'सेल्फ-सर्व्हिसचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत'. प्रोफेसरांनी बाजूला एवढंच लिहिलं, याच्याशी असहमत कोण होईल? मग मी लायब्ररीच्या डेटाबेसमध्ये जुने लेख शोधायला लागले तर कळलं की 1949 मध्ये न्यू जर्सीतल्याच हॅकेन्सॅक शहराच्या बाजूला एका पंपवाल्याने सेल्फ-सर्व्हिस सुरू करून गॅस स्वस्त विकायला घेतला होता, बाकीचे पंपवाले त्याच्यावर खवळले आणि त्यातून हा कायदा आला, कागदावर कारण मात्र आगीची भीती. तिथून थिसिस बदलली: कायदा आणला सुरक्षिततेचं नाव सांगून, पण आज तो टिकलाय सवयीवर आणि तिथल्या नोकऱ्यांवर. आता याच्याशी भांडता येतं, आणि भांडता येतं म्हणूनच पुढची पाच पानं लिहायला काहीतरी कारण मिळतं.

त्या पेपरमध्ये मी आपल्याकडचे पंपही घातले. लातूरला पंपावर माणूसच पेट्रोल भरतो आणि 'झिरो बघा' म्हणतो, त्यामुळे इथल्या माझ्या वर्गातल्यांना जे विचित्र वाटत होतं ते मला अगदी नेहमीचं होतं, आणि बाहेरच्या राज्यात गेल्यावर आम्हीच पंपासमोर बावचळून उभे. असलं घरचं रिसर्च पेपरमध्ये चालतं का, असं खूप जण विचारतात. मुद्द्याला धरून असेल तर चालतं, आणि ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी लिहू शकत नाही. फक्त आधी प्रोफेसरांना ऑफिस अवर्समध्ये (ते मुलांना भेटायला ठेवतात त्या वेळेत) विचारून घ्या, काही जणांना रिसर्च पेपरमध्ये 'मी' अजिबात आवडत नाही.

आता रिव्हिजन. आपल्याला वाटतं रिव्हिजन म्हणजे स्पेलिंग आणि ग्रामर तपासणं, तर तो एडिटिंगचा भाग झाला, तो सगळ्यात शेवटी. आधी पेपरची हाडं बघायची. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते रिव्हर्स आउटलाइन: लिहून झालेला ड्राफ्ट प्रिंट करायचा आणि प्रत्येक पॅराग्राफच्या बाजूला एका ओळीत लिहायचं की हा पॅराग्राफ काय सांगतोय. ओळ सुचलीच नाही तर त्या पॅराग्राफला काम नाही. दोन ठिकाणी तीच ओळ आली तर एक काढा. मग नुसत्या ओळी वरून खाली वाचा, विचार पुढे सरकतोय का ते लगेच दिसतं. ओळी मराठीत लिहिल्या तरी चालतं, मी मराठीतच लिहायचे, डोकं जास्त खरं बोलतं.

रायटिंग सेंटर बहुतेक प्रत्येक कॉलेजमध्ये असतं आणि फुकट असतं, अपॉइंटमेंट घ्यायची. तिथले ट्यूटर तुमचं ग्रामर दुरुस्त करून देत नाहीत, त्यामुळे 'जरा चेक करा ना' म्हणत जाऊ नका, नेमका प्रश्न घेऊन जा, उदाहरणार्थ माझा तिसरा पॅराग्राफ थिसिसला जोडला जातोय का. पीअर रिव्ह्यूमध्येही, म्हणजे वर्गातली मुलं एकमेकांचे ड्राफ्ट वाचतात तेव्हा, तसंच, 'छान आहे' ने कोणाचं भलं होत नाही, तुम्ही कुठे अडकलात, कुठे परत मागे जाऊन वाचावं लागलं ते सांगा. दुसऱ्याचा ड्राफ्ट असा वाचायची सवय लागली की स्वतःचाही तसाच वाचता येतो.

सायटेशनबद्दल, म्हणजे कुठून काय घेतलं ते सांगण्याबद्दल, नीट सांगते कारण आपली मुलं इथे विनाकारण अडचणीत येतात. गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की आपल्याकडे पूर्ण मार्क. इथे दुसऱ्याचं वाक्य घेऊन चार शब्द बदलले आणि सोर्स दिला नाही तर ते प्लेजरिझम (लेखनचोरी), आणि सोर्स दिला तरी वाक्याची रचना त्याचीच ठेवली असेल तरी बोलावणं येऊ शकतं. सोपा उपाय म्हणजे लेख वाचायचा, टॅब बंद करायची, आणि मग आठवेल ते आपल्या शब्दांत लिहून बाजूला लगेच पान नंबर. सोर्स एमएलए पद्धतीने द्यायचे की एपीए ते सिलॅबसमध्ये असतं, फॉर्मॅट अडला की पर्ड्यू युनिव्हर्सिटीची आउल वेबसाइट बघा. एआयचा नियमही सिलॅबसमध्ये असतो आणि प्रत्येक प्रोफेसरचा वेगळा, एका क्लासमध्ये चाललं म्हणून दुसऱ्यात चालेल असं धरू नका.

आणि शेवटचं रिफ्लेक्शन. 'या कोर्समुळे माझं लेखन खूप सुधारलं, माझा आत्मविश्वास वाढला' असं लिहून काहीच सिद्ध होत नाही, कारण हे कोर्स न करताही कोणी लिहू शकेल. तुमचे स्वतःचे ड्राफ्ट हाच पुरावा. मी माझ्या दोन्ही थिसिस शेजारी शेजारी ठेवल्या आणि मधे काय घडलं ते लिहिलं, बाजूला लिहिलेला तो प्रश्न, जुने लेख, रिव्हर्स आउटलाइनमध्ये उडालेला फायदे-तोट्यांचा पॅराग्राफ. अजून काय जमत नाही तेही लिहिलं, माझे शेवटचे पॅराग्राफ तेव्हाही 'अशा प्रकारे' वरच घसरायचे. त्याने मार्क जात नाहीत, उलट स्वतःचं लेखन बाहेरून बघता येतंय हे दिसतं आणि रिफ्लेक्शनमध्ये बघतात ते हेच. यासाठी पहिल्या दिवसापासून एक करा, ड्राफ्टवर ड्राफ्ट सेव्ह करू नका. गूगल डॉक्समध्ये व्हर्जन हिस्टरी असते, तिथे प्रत्येक व्हर्जनला नाव देता येतं, आणि प्रोफेसरांच्या कमेंट 'रिझॉल्व्ह' करून टाकायच्या आधी कॉपी करून ठेवा.

कम्युनिटी कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर घेणार असाल तर कॉम्प 2, म्हणजे याचाच पुढचा कोर्स, लगेच पुढच्या सेमिस्टरला घ्या, मधे वर्षभर गॅप पडला की सोर्स शोधायची आणि ड्राफ्ट पाडायची सवय जाते. आणि कॉम्प 1 चा पोर्टफोलिओ डिलीट करू नका, पुढच्या कॉलेजने कोर्सबद्दल काही विचारलं तर सिलॅबससोबत तो दाखवता येतो.